मदत हवी आहे: ६६० मिमी रिमोटवर चालणारी ब्रशलेस रेसिंग बोट दोन मिनिटांत तापून बंद पडते, नाकही आपटते

तापीकाठ, जळगाव:
राम राम मंडळी. बोटीचा तपशील असा:
हल (बोटीचा सांगाडा) फायबरग्लासचा, खोल व्ही तळाचा, लांबी ६६० मिमी. मोटर ३६६० साइजची, २०७० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला एवढे फेरे), वर पाण्याचं जॅकेट. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) १२० अँपिअर, पाण्याने थंड होणारा. बॅटरी ४एस (चार सेलची), ५००० एमएएच लायपो. प्रॉपेलर एक्स-४४२. फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रॉपेलरपर्यंतची वळलेल्या तारेची लवचिक दांडी) ४ मिमी.

पूर्ण थ्रॉटलवर दोन मिनिटं झाली की ईएससी स्वतःच बंद होतो, मोटरला हात लावता येत नाही. त्या दोन मिनिटांनंतर चार्जरने बॅटरीत ३४०० एमएएच परत भरले. वेग वाढला की नाक एकसारखं वरखाली आपटतं. बॅटरीसकट तोलाचा बिंदू मागच्या भिंतीपासून १६० मिमीवर येतो. थंड पाण्यासाठी ठिबकची मायक्रो ट्यूब वापरली आहे, मोटरमधून आधी आणि मग ईएससीतून. चाचणी एका शेततळ्यात आणि मेहरूण तलावावर घेतली. १८० अँपिअरचा ईएससी घ्यावा का?

सातपुडा_आरसी, भुसावळ:
भाऊ, ईएससी घेऊ नका. रोग दुसरीकडे आहे आणि तो तुमच्याच आकड्यांत दिसतोय. दोन मिनिटांत ३.४ अँपिअर-तास म्हणजे सरासरी १०२ अँपिअर. ३६ मिमी व्यासाच्या मोटरला हे सतत झेपत नाही. मोठा ईएससी लावलात तर तो वाचेल आणि मोटर जळेल. लक्ष्य असं ठेवा: चार मिनिटांत ४००० एमएएच, म्हणजे सरासरी ६० अँपिअर, आणि बॅटरीत २० टक्के शिल्लक.

पहिला संशय शाफ्टवर. स्ट्रट (मागे शाफ्टला आधार देणारा भाग) आणि ड्राइव्ह डॉग (प्रॉपेलरला फिरवणारा शाफ्टवरचा तुकडा) यांच्यामध्ये फट किती आहे? भार आला की फ्लेक्स शाफ्टची वळलेली तार आणखी पिळली जाते आणि शाफ्ट आखूड होतो. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो. हाताने फिरवून हे कळत नाही, हातात सगळं मोकळंच लागतं. ३ मिमी फट ठेवा. शाफ्ट बाहेर काढून बघा: ग्रीस काळं पडलं असेल किंवा स्ट्रटच्या टोकावर चकाकी आली असेल तर पुरावा मिळालाच. प्रत्येक फेरफटक्यानंतर शाफ्ट ओढून पुसायचा आणि मरीन ग्रीस लावून परत घालायचा.

दुसरा प्रॉपेलर. २०७० केव्ही गुणिले १४.८ व्होल्ट म्हणजे भाराविना मिनिटाला सुमारे ३०,६०० फेरे. एवढ्या फेऱ्यांवर ४२ मिमी व्यास आणि १.४ पिच (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर, व्यासाच्या १.४ पट) ही जोडी या मोटरला जड आहे. तेवढ्याच फेऱ्यांवर भार साधारण व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, म्हणून ४२ वरून ३८ वर आलात तर तो ढोबळमानाने ४० टक्क्यांनी उतरतो. वेग थोडाच कमी होईल.

तापीकाठ:
दादा, फट अजिबात नाही, डॉग टेकलेलाच आहे. ग्रीसही काळं आहे. नाक आपटण्याचं काय?

पांझराकाठ, धुळे:
नाक आपटतं ते तोल मागे असल्यामुळे. या हलला तोल मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे १९८ मिमी. तुमचा २४ टक्क्यांवर आहे. बॅटरी पुढे सरकवा आणि झाकण लावूनच तोल तपासा. तरीही आपटलं तर स्ट्रट बघा. बोट काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून स्ट्रट तळाच्या मधल्या धारेला समांतर आहे का ते पाहायचं. स्ट्रटचं मागचं टोक वर उचललेलं असेल तर प्रॉपेलर मागचा भाग खाली दाबतो आणि नाक उडतं. नाक आपटण्याऐवजी बोट कडेवर डुलायला लागली तर स्ट्रट अर्धा मिमी वर घ्या आणि दोन्ही ट्रिम टॅब (मागच्या भिंतीवरच्या छोट्या पट्ट्या) एकसारखे आहेत ना ते बघा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पाण्याचा क्रमही उलटा करा. रडरच्या पिकअपमधून (सुकाणूवरच्या पाणी घेणाऱ्या छिद्रातून) आधी ईएससी, मग मोटर. आत्ता मोटरने तापवलेलं पाणी ईएससीला मिळतंय. ठिबकची ट्यूब सरळ ओळीत चालते, पण मोटरजवळ गरम होऊन वळणावर मुडपते आणि धार बंद होते. सिलिकॉन ट्यूब घ्या, आतून निपलपेक्षा जरा लहान, आणि बारीक केबल टायने आवळा. प्रत्येक वेळी तोंडाने फुंकून मार्ग मोकळा आहे का बघा. शेवाळाचा एक तंतूसुद्धा पिकअप बुजवायला पुरतो.

शेततळं मात्र सोडा. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात ५० किमी वेगाची बोट दोन सेकंदांत समोरच्या काठावर जाते, म्हणजे खरी चाचणी होतच नाही. त्यात अस्तराचा प्लास्टिक कागद शेवाळाने निसरडा होतो. आत घसरलेला माणूस वर चढू शकत नाही. बंद पडलेल्या बोटीसाठी पाण्यात उतरायचं नाहीच: गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधून बोटीपलीकडे टाका आणि ओढून घ्या. हिवाळ्यात हतनूर धरणावर परदेशी पक्षी उतरतात, तिथेही नको.

सातपुडा_आरसी:
रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागणारी स्थिती) थ्रॉटल शून्यावर लावला आहे ना? प्रॉपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून तपासा. नाकात तरंगण्यासाठी दीड-दोन लिटर फोम हवा. थर्माकोल वापरलात तर पॉलिएस्टर रेझिनने चिकटवू नका, ते थर्माकोल विरघळवतं. इपॉक्सी चालतं. मे महिन्यात बंद हलमध्ये बॅटरी भयंकर तापते, पूर्ण गार झाल्यावरच ५ अँपिअरने चार्ज करा. आठवडाभर ठेवायची असेल तर दर सेल ३.८ व्होल्टवर.

तापीकाठ:
फट ३ मिमी केली, तोल १९५ वर आणला, पाण्याचा क्रम बदलला. फेलसेफ बरोबर आहे. एक्स-४३८ मिळतोय, पण धार आणि बॅलन्स न केलेला. घरी करता येईल?

सातपुडा_आरसी:
येईल, पण सुकं घासू नका. त्या प्रॉपेलरच्या धातूत बेरिलियम असतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. पाण्यात बुडवून वॉटर पेपरने घासा, चांगला मास्क लावा, गाळ कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका, ग्राइंडर लावूच नका. आधी पुढच्या कडेला धार, मग बॅलन्सरवर ठेवून जड पात्याच्या मागच्या बाजूने थोडं थोडं घासायचं, पातं कुठल्याही जागी स्थिर राहीपर्यंत. पहिली फेरी एक मिनिटाचीच घ्या. ईएससी, मोटर आणि बॅटरीला हात लावून बघा आणि चार्जरने किती एमएएच भरले ते इथे लिहा. एका मिनिटाला १००० च्या आसपास आले तर हाच प्रॉपेलर कायम ठेवा.