बायपोलरचा धोका कॉग्निटिव्ह (स्मृती, लक्ष, विचार मोजणाऱ्या) टेस्टवरून आधी कळतो का?

मनोमापन_पुणे:
आई किंवा वडिलांना बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा आजार) असलेल्या १६ ते २२ वयोगटातल्या मुलांसाठी बॅटरी (चाचण्यांचा संच) ठरवतेय. ट्रेल मेकिंग (आकडे-अक्षरं क्रमाने जोडणं), स्ट्रूप (रंगाचं नाव आणि शाईचा रंग वेगळा असताना शाईचा रंग सांगणं) आणि १५ शब्दांची रे चाचणी (ऐकलेली यादी आठवणं) घेणार आहे. स्कोअर कमी आला तर अहवालात ‘धोका आहे’ असं लिहिता येईल?

निदान_आधी:
नका लिहू. साधा हिशेब करा. जवळच्या नात्यात धोका साधारण ५ ते १० टक्के. १० धरू. चाचणी ८० टक्के संवेदनशील (खरा धोका असलेल्यांपैकी ८० टक्के पकडते) आणि ८० टक्के विशिष्ट (धोका नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर वगळते) आहे असं समजू (हेही उदारपणे). तर १०० मुलांत खऱ्या १० पैकी ८ सापडतील, पण उरलेल्या ९० पैकी १८ जणांवर उगाच शिक्का बसेल. म्हणजे २६ पॉझिटिव्हमध्ये ८ खरे!
शिवाय शब्दस्मृती आणि एक्झिक्युटिव्ह फंक्शनमधला (नियोजन, स्वतःवर ताबा अशा क्षमतांमधला) फरक गटांच्या सरासरीत दिसतो. एकट्या मुलाचा स्कोअर पाहून काही सांगता येत नाही. आजाराआधी बुद्धी घसरलेलीच असते असंही नाही. स्वीडनमधल्या २०१० च्या अभ्यासात शाळेत अव्वल असलेल्यांना पुढे बायपोलर होण्याचं प्रमाण सरासरी मुलांच्या जवळपास चौपट निघालं होतं.

चाचणीवाला:
तरी बेसलाइन (सुरुवातीची नोंद) म्हणून घ्या, पुढे तुलनेला उपयोगी पडते. ट्रेल मेकिंगच्या दुसऱ्या भागात, ट्रेल-बीमध्ये, इंग्रजी अक्षरं आहेत, मराठी माध्यमाचं मूल तिथेच अडखळतं. त्याऐवजी कलर ट्रेल्स घ्या, त्यात अक्षरांऐवजी रंग असतात. नॉर्म्स (तुलनेचे सरासरी स्कोअर) बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या बॅटरीचे वापरा, ते वय, लिंग आणि शिक्षणानुसार आहेत.
रे चाचणीत यादी ५ वेळा, मग दुसरी यादी, लगेच आठवण आणि २०-३० मिनिटांनी पुन्हा आठवण. मधल्या वेळात शब्दांचं काम देऊ नका, आकृत्या द्या, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. पुन्हा घेताना पर्यायी यादी हवी, नाहीतर सरावाचीच सुधारणा मोजाल. जागरण, नैराश्य, थायरॉइड, टोपिरामेट (फिट्स, मायग्रेनचं औषध) यांनीही स्कोअर पडतो, ते आधी विचारा.

मनोमापन_पुणे:
मग धोक्यासाठी पाहायचं काय?

निदान_आधी:
मुलाखत. झोप कमी होऊनही थकवा नाही, बडबड आणि खर्च वाढला, असं सलग किती दिवस? हायपोमेनियाच्या (सौम्य उन्मादाच्या) निदानाला ४ दिवस लागतात, पण २-३ दिवसांची झलकही तारखेसह नोंदवा. सोबत नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवताना चिठ्ठीत कौटुंबिक इतिहास ठळक लिहा. नुसतं अँटिडिप्रेसंट सुरू झालं तर अशा मुलांत उन्माद उसळू शकतो.