पंथ सोडला म्हणून वाळीत टाकलं, तक्रार कुठे करायची?

मदत हवी आहे. आम्ही नागपूरला महाल भागात राहतो. यांनी पंथाच्या बैठकीला जाणं सोडलं, तेव्हापासून सासरच्यांना वरून ताकीद आहे, यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. भाचीच्या साखरपुड्याला गेलो तर नणंदेने आहेराचं पाकीट दारातच परत केलं. रडत होती बिचारी, तिच्यावर राग नाही.

२०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वाचला. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतःहून कोणी बोलत नसेल तर जबरदस्ती करता येत नाही, हे कळतं. पण फर्मान काढणाऱ्यांचं काय? सगळं तोंडीच चालतं, मग पुरावा काय धरतात? धर्मगुरूंचा बहिष्कृत करण्याचा अधिकार मान्य करणारा १९६२ चा सुप्रीम कोर्टाचा दाऊदी बोहरांचा निकाल आडवा येतो का? पोलीस ठाण्यात जाऊ की थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे? नणंदेचं नाव न गोवता होईल का?