मदत हवी आहे: खेळगटातील फाशांबाबतच्या संशयाचे काय करावे?

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात आम्ही पाच जण दर रविवारी सायंकाळी डंजन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो आणि डंजन मास्टरची, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या व नियम सांभाळणाऱ्या सूत्रधाराची, जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्यातील एक जण, जो नात्याने माझा थोरला मावसभाऊ असून ज्याच्या ओसरीवर आमची बैठक भरते, तो फासा वहीआड टाकतो, आकडा सांगतो आणि कोणी पाहण्याआधीच फासा उचलतो.

संशय नको म्हणून मी मागील तीन बैठकींत नोंद ठेवली. ॲडव्हान्टेज नसलेल्या, म्हणजे एकच फासा टाकायच्या, 40 फेकींत त्याला सात वेळा 20, म्हणजे सर्वांत मोठा आकडा, पडला. वीस पैलूंच्या फाशावर 20 पडण्याची शक्यता 5 टक्के असल्याने सरासरीने दोनच अपेक्षित होते. सात किंवा अधिक येणे हजारात तीन-चार वेळाच घडावे. अर्थात, एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवणे मला योग्य वाटत नाही. फासाच सदोष असेल, म्हणून तो दाट मिठाच्या पाण्यात तरंगवून तोच आकडा वारंवार वर येतो का, हे पाहण्याचे सुचवले, तर दादाने ते हसण्यावारी नेले.

सर्वांनी एकाच परातीत, उघड्यावर फासे टाकावेत, असा नियम करावा की आधी त्याच्याशी एकांतात बोलावे? कापूस वेचणी सुरू झाली की बैठका तशाही विरळ होतील, त्यामुळे त्यापूर्वी मार्ग काढायचा आहे. नाते न दुखावता हे कोणी हाताळले असल्यास कृपया सांगावे.