रँकिंग ६००च्या आसपास असलेल्या टेनिसपटू मुलीचं भागतं का?

मिरजेचा बाप:
मुलगी १७ वर्षांची. आयटाच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, १८ वर्षांखालच्या स्पर्धा खेळते. आता म्हणते, "बाबा, मी प्रो होणार." माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आजवर पदरमोड करून खेळवलं. कोच म्हणतात, तीन वर्षं द्या, जागतिक रँकिंगमध्ये ५०० ते ६००मध्ये येईल. पण त्या नंबरवर महिन्याला हातात काय पडतं, ते कोणी धड सांगत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजचा पर्यायही आहे म्हणतात. कोणाला अनुभव आहे का?

रविवारचा प्रेक्षक:
२०२४ला विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ६० हजार पौंड होते. वर्षातून एकदा जाऊन हरून आली तरी दुकान दुप्पट होईल की!

बॅकहँडवाली ताई:
रविवारचे दादा, ते ६० हजार मुख्य ड्रॉमधल्यांना. तिथे थेट जायला पहिल्या शंभरात असावं लागतं. क्वालिफायिंगची, म्हणजे मुख्य ड्रॉआधीच्या पात्रता फेरीची, यादीही साधारण २३०-२४०ला संपते. त्याखालचं जग टीव्हीवर दिसत नाही, म्हणून लिहिते.

काका, मी सहा वर्षं खेळले. सर्वांत वरचं रँकिंग सातशेच्या घरात, तेही चार आठवडे. सगळ्यात खालची पायरी डब्ल्यू१५, म्हणजे स्पर्धेची सगळी मिळून बक्षिसं १५ हजार डॉलर. पाच मॅच जिंकून चॅम्पियन झालात तर दोन हजार डॉलरच्या थोडे वर. मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरलात तर दीडशेच्या आसपास, त्यातून कर कापून. आणि रँकिंगचे पॉइंट शून्य. एक मॅच जिंकली की एक पॉइंट, तोही ५२ आठवड्यांनी गळतो.

आता खर्चाचं सांगते. ट्युनिशियात मोनास्तिर म्हणून गाव आहे, तिथे जवळजवळ दर आठवड्याला डब्ल्यू१५ असते. विमानभाडं एकदाच पडतं म्हणून मी पाच आठवडे तिथेच राहिले. खोलीत दोघी, छोट्या कुकरमध्ये भात आणि आईनं दिलेलं मेतकूट. कोच अर्थातच नाही. तिसऱ्या आठवड्यात सिंगल्स आणि डबल्स दोन्ही पहिल्याच फेरीत हरले. पण मला गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा बसवणं, छान जमायचं. क्लबचं मशीन रिकामं दिसलं की मी मुलींच्या रॅकेट करून द्यायचे, एका रॅकेटचे दहा डॉलर. त्या आठवड्यात खेळून मिळाले त्यापेक्षा गटिंगचे जास्त मिळाले. रात्री बाबांना फोनवर सांगितलं तर हसले, आणि मग बराच वेळ बोललेच नाहीत.

तर भागतं का? नाही. ६००वरच नाही, ३००वरही बक्षिसावर भागत नाही. नोकरी, प्रायोजक, लीगच्या मॅच किंवा घर, यातलं काहीतरी लागतंच. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्यात येऊन वर्षानुवर्षं राबली, ओएनजीसीची नोकरी पाठीशी. २०१८ला एशियाडचं ब्राँझ मिळालं, आणि सिंगल्सचं सर्वोत्तम १६० आलं २०२०मध्ये. १९९८ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य ड्रॉमध्ये मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई निरुपमा वैद्यनाथन, तिचं सर्वोत्तम १३४. या बायकांना कोणी 'खालच्या रँकिंगच्या' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

अजून एक. हरल्यावर तिला इन्स्टाग्राम उघडू देऊ नका. आमच्या मॅचवरही सट्टा लागतो, आणि पैसे बुडालेले लोक आईबहिणीवरून लिहितात. मी १९ वर्षांची होते तेव्हा.

बार्शीकर:
डबल्स विसरू नका. आमच्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ला रिओ ऑलिम्पिकला सानियाबरोबर डबल्सच खेळली.

मिरजेचा बाप:
ताई, वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, मेतकुटाचं सोडून बाकी काही वाचू नका. कॉलेजचं काय मग?

बॅकहँडवाली ताई:
काकूंना नमस्कार सांगा!

कॉलेजला गेलं की टेनिस संपतं असं आमच्या वेळी सगळे म्हणायचे, मीही ऐकलं, आणि चुकले. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला शिकली, तिथल्या टीमकडून खेळली, मग परत येऊन आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, याच छोट्या स्पर्धांच्या चक्रात उतरली. २०२३ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं सुवर्ण. फायनलचा पहिला सेट २-६ गेला होता. स्कॉलरशिप पूर्ण मिळत असेल तर कोर्ट, कोच, फिजिओ, प्रवास सगळं चार वर्षं कॉलेज बघतं. मोनास्तिरला यातलं मला काहीही नव्हतं. अर्धीच मिळत असेल तर मात्र उरलेल्या फीचा हिशोब आधी मांडा, ती फी दुकान खाईल.

तिला काही ठरवू द्यायच्या आधी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ असते, तिथे आणा. फायनलला नको, क्वालिफायिंगच्या दिवशी. सकाळी सातला या. मीही असते. आणि तिला रॅकेट घेऊन यायला सांगा, हिटिंगला, म्हणजे सरावाला समोर खेळायला, कोणीतरी नेहमीच कमी पडतं.

मिरजेचा बाप:
येतो. दोन रॅकेट आहेत, एकीचं गट तुटलंय.

बॅकहँडवाली ताई:
आणा तशीच. दहा डॉलर नाही घेणार.