बाहेरून पैसा आला की घरातली बाई काम सोडते का? (अनुभव धागा)

अर्थशास्त्रातला हिशेब सरळ आहे: घरात बाहेरून पैसा येऊ लागला की पूर्वीच्या मजुरीवर राबायची तयारी कमी होते. आणि काम सोडणारं माणूस बरेचदा बाईच असते. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या आपल्या घरी स्थलांतरित मंडळी वर्षाला ६०० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम पाठवतात, म्हणजे प्रश्न चार-दोन घरांचा नाही. तुमच्याकडे नेमकं काय झालं ते लिहा. पैसे पाठवणाऱ्यांनीही लिहा. ‘आमची ही आता आरामात असते’ एवढ्यावर मात्र भागवू नका.

•

नवरा परदेशात बांधकामावर आहे. तो जायच्या आधी मी लोकांच्या शेतावर मजुरीला जायचे. पहिली रक्कम आली तशा सासूबाई म्हणाल्या, आता दुसऱ्याच्या बांधावर कशाला? मलाही हायसं वाटलं. पण तो करायचा ते सगळं माझ्या अंगावर आलं: पाणी देणं, गुरं, बँक, शाळेतल्या सभा. शेतात पिकतं ते घरीच खातो, विकण्याइतकं उरत नाही. पाहणीवाल्या ताई आल्या तेव्हा मी गोठ्यात होते. "कामाला जाता का?" म्हणाल्या. मी शेणाच्या हातानंच नाही म्हटलं. त्यांनी खूण केली नि पुढचा प्रश्न विचारला.

•

वहिनी, ती खूण नियमाला धरूनच असेल. (माझं पोट आकडेवारीवरच आहे.) २०१३ साली श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं कामाची व्याख्या रुंदावली. घरच्यापुरतं पिकवणं, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, हे सगळं काम धरलं. रोजगार मात्र मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम तेवढाच. तुम्ही मजुरी सोडून घरचं शेत धरलंत, तास वाढले आणि या व्याख्येनं रोजगाराच्या यादीतून नाव गेलं. सगळेच देश ही व्याख्या पाळत नाहीत, म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना जपून.

आणखी एक. पैसा येणाऱ्या घरांतल्या बायका कमी कमावतात, एवढ्यावरून पैशानं त्यांना घरी बसवलं असं ठरत नाही. जिथं बाईला काम मिळतच नाही, त्या घरातला पुरुष आधी बाहेर पडतो, असंही असू शकतं.

•

मी पाठवणारा. दर वेळी शुल्क कापतात, आणि रक्कम लहान असेल तर ते फार टोचतं. हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या आत आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे, जगाची सरासरी अजून ६ च्या वर आहे. म्हणून मी साठवून, विनिमय दर बघून एकदम पाठवतो. मधले महिने बायकोच्या शिलाईवर निघतात. मालकानं पगार अडकवला की सगळं घरच तिच्यावर. नातेवाईक विचारतात, तू एवढं पाठवतोस तर ती मशीनवर कशाला बसते? अहो, माझा आकडा मोठा असेल, पण भरवशाचा पैसा तिचा आहे.

•

आमच्याकडे उलटं. मी परिचारिका, बाहेर मीच. मुलं धाकट्या जावेकडे. त्यासाठी तिनं कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सोडली. म्हणजे माझी कमाई सुरू झाली नि तिची बंद. मी तिच्या खात्यात दरमहा वेगळे पैसे टाकते, जुन्या पगारापेक्षा थोडे जास्तच. तरी यावरून आमचं वाजतं. ती म्हणते, "तुमची मुलं मोठी झाली की मला कामावर कोण ठेवणार? तिथं निवृत्तीसाठी काहीतरी कापलं तरी जायचं." खरंच आहे तिचं. आता तिच्या नावावर आवर्ती ठेव उघडली आहे. ती पुरेल असं दोघींनाही वाटत नाही.

•

माझं काम सुटलं नाही, उलट पैशामुळेच सुरू झालं. बँक तारण मागत होती आणि माझ्या नावावर काहीच नव्हतं. नवऱ्यानं पाठवलेल्या पैशातून रोपवाटिका टाकली, कर्जाशिवाय. हाताखाली दोघीजणी आहेत. २०२० मध्ये तो कायमचा परत आला. आता गिऱ्हाईक त्याच्याशी भाव करतं आणि रोपाला कीड लागली की मला हाक मारतं. परवाना माझ्या नावावर आहे, तो नवा करायची वेळ आली आहे. घरचे म्हणतात दोघांची नावं घाला. कुणी असं केलंय का? खातंही मग दोघांचं करावं लागतं की माझं एकटीचं ठेवता येतं?