मदत हवी आहे: नाचताना कोरस ट्रॅकच्या मागे पडतो, पण गाणं लाइव्हच ठेवायचंय

पडद्यामागची:

नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप आहे, सगळे नोकरी, कॉलेज, घर सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारे, आणि यावेळी पहिल्यांदाच पूर्ण म्युझिकल करतोय. संहिता आणि गाणी ग्रुपमधल्याच दोघांची, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. मी स्टेज मॅनेजर, म्हणजे वेळापत्रक, प्रॉपर्टी, क्यू (दिवे, ट्रॅक वगैरे कधी सुरू करायचे त्याचे इशारे), विंगेतली ये-जा हे सगळं माझ्याकडे. प्रयोग पुढच्या महिन्यात.

वाद्यं लाइव्ह नाहीत, संगीत रेकॉर्डेड ट्रॅकवर, गाणारे मात्र लाइव्ह. एकूण 22 जण आणि बॉडी माइक, म्हणजे अंगावर लावायचे, 8. बसून गाणी म्हटली तेव्हा फार सुरेख झाली होती, पण उभं राहून नाच सुरू झाला की पहिल्या अंकाच्या शेवटचं समूहगीत, जे खरंतर नाटकाचा जीव आहे, ते सुटतं. ट्रॅक पुढे, कोरस मागे, आणि मागची रांग पुढच्या रांगेच्याही मागे, अंतऱ्यापर्यंत येईतो सम कुठे आहे यावर एकमत राहत नाही. नायिकेला शेवटचा लांब स्वर धरायचाय, पण नाचून आल्यावर श्वासच उरत नाही तिच्याकडे, स्वर उतरतो. तालमीच्या हॉलमध्ये हे थोडं होतं, नाट्यगृहात एक तालीम मिळाली तिथे फारच झालं.

आता दिग्दर्शक म्हणताहेत की या गाण्याचे आवाज आधी रेकॉर्ड करून घेऊ आणि मुलं नुसते ओठ हलवतील. त्यांची काळजी मला कळते, प्रेक्षकांसमोर बेसूर जायला नको. पण या मुलांनी दोन-दोन तास उभं राहून एकेक ओळ घोटलीये, कोरसमधल्या एका काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर तोंड उघडलंय, आणि त्यांना आता सांगायचं की तुमचा आवाज नकोय, ओठ हलवा? मला ते मनापासून पटत नाही. तर गाणं लाइव्ह ठेवून लय कशी सांभाळायची, मॉनिटर (गाणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून लावलेला स्पीकर) लागतो का, पट्टी उतरवली तर ट्रॅक खराब वाटेल का, ज्यांनी असं काही बसवलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

ध्वनीवाला:

ताई, हॉलमध्ये कमी आणि नाट्यगृहात जास्त, यातच अर्धं उत्तर आहे. तुमच्या मुलांची लय कच्ची नाहीये, त्यांना ट्रॅक उशिरा ऐकू येतोय.

मोठे स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेला असतात आणि त्यांचं तोंड प्रेक्षकांकडे. त्यांच्या मागे उभं असलेल्याला फक्त खर्जाचा घुमारा मिळतो कारण खालचे आवाज सगळीकडे पसरतात, पण झांज, टाळी असले तीक्ष्ण आवाज, ज्यांच्यावर आपण मात्रा पकडतो, ते सरळ प्रेक्षकांत जातात आणि मागच्या भिंतीवर आपटून मग स्टेजवर परत येतात. हिशोब करा, आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, भिंत 20 मीटरवर धरली तर जाऊन-येऊन 40 मीटर, म्हणजे 115 मिलिसेकंदांच्या वर उशीर. गाण्याची लय 140 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 140 मात्रा, असेल तर एक मात्रा साधारण 430 मिलिसेकंदांची, म्हणजे पाव मात्रेहून जास्त फरक पडला. मुलं जे ऐकतायत त्याच्याबरोबर अगदी बरोबर गातायत, प्रेक्षकांपर्यंत मात्र ते मागे पडलेलं पोचतं. मागच्या रांगेला स्पीकर अजून लांब, म्हणून ती आणखी मागे.

उपाय म्हणजे मॉनिटर, आणि ते विंगेत. दोन्ही बाजूंना एकेक, डोक्याच्या उंचीला, तोंड स्टेजच्या आत. स्टेज खोल असेल तर मागच्या विंगेत अजून एक जोडी लावा, मागच्या रांगेसाठी. त्यात सगळा ट्रॅक भरू नका, संगीतकारांकडून ट्रॅकचे थर सुटे मागवा आणि मॉनिटरमध्ये फक्त ताल आणि चालीची एक साधी ओळ द्या, बाकीची भरगच्च वाद्यं प्रेक्षकांसाठी ठेवा. गाणाऱ्यांचे माइक मॉनिटरमध्ये अजिबात सोडू नका, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये जाऊन शिट्टी सुरू होईल. आणि ब्लूटूथ स्पीकर नको, त्यातच शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, मग केलेलं सगळं वाया. वायरच ओढा.

अजून एक करता येतं आणि मला ते सगळ्यात भरवशाचं वाटतं. संगीत दिग्दर्शकांना पहिल्या रांगेच्या पुढे खाली बसवा, कानात वायरचा हेडफोन, त्यात थेट कॉम्प्युटरवरून क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक. त्यांना काहीच उशीर नाही, आणि त्यांचा हात दिसायला तर वेळच लागत नाही. कोरसने फक्त नजरेच्या कडेने तो हात बघायचा. काळे कपडे आणि हातावर छोटा दिवा असला तर अंधारातही दिसतो.

पेटीवाली:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, मी गाण्याच्या बाजूने लिहिते.

नायिकेचा श्वास आधी. तिला खाली बसवून नका गाववू आता. जागच्या जागी जॉगिंग करत, मग पायऱ्या चढत-उतरत तेच गाणं म्हणायला लावा, आधी अर्ध्या आवाजात, रोज थोडं. बसून घोटलेलं गाणं नाचताना तसंच येईल ही अपेक्षाच चुकीची, शरीराला दोन्ही एकत्र शिकावं लागतं. ओळीत श्वास कुठे घ्यायचा ते संहितेवर पेन्सिलने खूण करून पक्कं करा, "जमेल तिथे घे" म्हटलं की ऐन वेळी चुकीच्या जागी घेतला जातो.

पट्टीचं म्हणाल तर बिनधास्त उतरवा. काळी चारमध्ये (पेटीवरच्या पट्ट्यांची ही नावं) असेल तर पांढरी पाच करा, अर्धाच स्वर खाली, ऐकणाऱ्याला कळतही नाही पण दमलेल्या गळ्याला खूप फरक पडतो. काळी तीनपर्यंतही चालेल. फक्त तयार ट्रॅक सॉफ्टवेअरने खेचू नका, फार खेचलं की वाद्यं खोटी वाटायला लागतात, तुमचे संगीतकार ग्रुपमधलेच आहेत तर मूळ प्रोजेक्टमधून नवीन पट्टीत काढून घ्या. आणि तिच्याबरोबर पूर्ण कोरस तपासा, नायिकेला सोपं झालं तर पुरुषांचा खालचा स्वर जमिनीला लागतोय असं व्हायला नको.

कोरससाठी मात्र माझा खरा सल्ला वेगळा आहे. 22 पैकी त्या गाण्यात चार-पाच जण असे असतीलच ज्यांचा प्रवेश नाही किंवा जे नाचात फार कामाचे नाहीत पण सुरात पक्के आहेत. त्यांना विंगेत माइकसमोर उभं करा, मॉनिटरच्या शेजारी. ते नाचत नाहीत, त्यांचा श्वास शाबूत, लय पक्की, आणि स्टेजवरचे त्यांच्यावर टेकून गातात. आवाज सगळे खरे, त्या क्षणी गायलेले. दिग्दर्शकांना हे सांगून बघा, रेकॉर्डिंगपेक्षा हे त्यांनाही जास्त आवडेल असं वाटतं.

लांब स्वर कोरसने धरायचा असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, शेजारचा घेतोय तेव्हा मी नाही घ्यायचा. आणि शब्दाचं शेवटचं व्यंजन कुठल्या मात्रेवर तोडायचं ते ठरवा, नाहीतर "त" आणि "स" पावसासारखे टपटप पडत राहतात.

नाच_बसवते:

नृत्य दिग्दर्शकांना आणि संगीत दिग्दर्शकांना एका खोलीत बसवा ना, बऱ्याचदा ते वेगवेगळ्या दिवशी तालमी घेतात आणि सगळा घोळ तिथेच असतो. लांब स्वर आला की पाय जमिनीवर स्थिर हवेत, हात हवे तेवढे हलवा पण कंबरेतून वाकणं किंवा जमिनीवर लोळणं त्या ओळीत नको, पोट आवळलं की स्वर जातो. उड्या आणि गिरक्या वाद्यांच्या तुकड्यात टाका, तिथे कोणाला गायचं नसतं. नायिकेला शेवटच्या स्वराआधी दोन ओळी चालती ठेवा, बाकीचे तिच्याभोवती नाचू देत, प्रेक्षकांना ऊर्जा त्यांच्याकडून मिळते.

जुना_रंगकर्मी:

थोडं वेगळं मत मांडतो. रेकॉर्डेड आवाज म्हणजे फसवणूकच असं काही नाही. नाचाचा भार जास्त असेल तर कोरसचा एक बारीक थर ट्रॅकमध्ये मिसळून त्यावर लाइव्ह गाणं, असं व्यावसायिक नाटकातही करतात. मुलांना आधार मिळतो. फक्त लाइव्ह माइक बंद करून ओठ हलवणं मलाही पटत नाही, कारण एखादा क्यू चुकला तर स्टेजवरचे काहीच करू शकत नाहीत, हात बांधलेले असतात.

पडद्यामागची:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. हॉलमध्ये दोन बाजूंना स्पीकर आत तोंड करून लावून बघितलं, सुटा ताल त्यात दिला, आणि मागची रांग चक्क पुढच्यांबरोबर आली! दिग्दर्शक स्वतः मागे उभे राहून ऐकत होते, काही बोलले नाहीत पण ओठ हलवण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. विंगेतल्या कोरसची कल्पना तर सगळ्यांनाच आवडली, काकूंना तिथे ठेवायचं का असं एकाने विचारलं, त्या म्हणाल्या मी स्टेजवरच उभी राहणार. राहतील.

आता उरलेले दोन प्रश्न. 8 माइक 22 जणांत कसे वाटू? आणि दुसऱ्या अंकात संवादाखाली एक संगीताचा तुकडा आहे, संवाद कधी लांबतो कधी लवकर संपतो, त्यामुळे गाणं कधी आधीच सुरू होतं कधी सगळे गप्प उभे. लाइव्ह वादक असते तर त्यांनी तो तुकडा फिरवत ठेवला असता.

ध्वनीवाला:

मुख्य गाणाऱ्यांना आधी, कोरसला शक्यतो वैयक्तिक माइक नकोच, स्टेजच्या पुढच्या कडेला दोन-तीन जमिनीवरचे माइक ठेवा आणि फक्त समूहगीतात उघडा. चालू माइकची संख्या दुप्पट केली की शिट्टी सुरू होण्याआधी आवाज वाढवायला मिळणारी जागा साधारण 3 डेसिबलने कमी होते, म्हणून ज्याची ओळ नाही त्याचा माइक खाली, हाच नियम. साउंडवाल्याला संहिता द्या आणि प्रत्येक ओळीला कोणाचा माइक वर-खाली ते रंगीत पेनाने लिहून घ्या, आणि त्याला आतापासूनच तालमीला बसवा. माइक छातीवर लावू नका, मान वळली की आवाज जातो, कपाळावर केसांच्या रेषेत लावा, कातडीला चिकटणाऱ्या टेपने. घामाचा थेंब तारेवरून ओघळत माइकमध्ये जातो, म्हणून तारेला तिथेच एक छोटा वळसा द्या. बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाआधी नवीन, उरलेल्या तालमीत वापरा. एक माइक दोन पात्रांत बदलायचा असेल तर विंगेत एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला.

संवादाखालच्या तुकड्यासाठी: ट्रॅक एका लांब फाइलमध्ये नको, तीन तुकडे करा, सुरुवात, फिरणारा भाग, पुढचं गाणं. फिरणारा भाग ठराविक मात्रांचा असू दे आणि लूपवर टाका, शेवटचा शब्द आला की तुम्ही क्यू द्यायचा आणि आवर्तन पूर्ण झाल्यावरच पुढचा तुकडा लागायला हवा, मध्येच नाही. मॅकवर क्यूलॅब (क्यू चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात यासाठी डीव्हॅम्प नावाचा क्यूच आहे. क्यू एकदम न देता आधीच्या ओळीवर "तयार" आणि मग शेवटच्या शब्दावर "गो" असा द्या, आणि हेडसेटवर "गो" हा शब्द दुसऱ्या कुठल्याच कारणाने कोणी उच्चारायचा नाही, नाहीतर कोणीतरी बटण दाबतं.

नाट्यगृहात पुढची तालीम मिळाली की आधी पूर्ण नाटक चालवू नका. नुसते क्यू घ्या, एका क्यूच्या दोन ओळी आधी सुरू, क्यू झाला की थेट पुढच्या क्यूवर. नट कंटाळतात, पण दिवे, ट्रॅक, माइक तिथेच जुळतात.

पेटीवाली:

आणि त्याच तालमीत नाच न करता एकदा फक्त उभं राहून, जागेवर, मॉनिटर लावून सगळी गाणी म्हणून घ्या. कोण काय ऐकतंय ते प्रत्येकाला विचारा, मागच्या रांगेपासून सुरू करा.

पडद्यामागची:

लिहून घेतलं सगळं. तीन तुकड्यांचं संगीतकारांना सांगितलंय, पांढरी पाचमधला ट्रॅकही येतोय. मागच्या विंगेतली जोडी कुठून मिळते का ते बघते, नाहीच मिळाली तर मागची रांग एक पाऊल पुढे आणायला नाच बसवणाऱ्या ताई तयार आहेत.