ओला कापूस, खोटा काटा आणि ख्रिस्ती माणसाचा खरेपणा

धागाकर्ता (दर्यापूर तालुका)
गेल्या हंगामात शेजाऱ्याचा कापूस मोजून द्यायला गेलो होतो. गंजीत हात घातला तर कापूस गार लागला आणि मुठीत दाबून सोडल्यावर फुलून वर आला नाही. रात्री त्यावर फवारणीच्या पंपाने पाणी मारले होते. शेजारी आमच्याच चर्चच्या मंडळीतला, दर रविवारी उपासनेला येणारा. त्याचे म्हणणे असे, की खेडा खरेदीचा व्यापारी काटा मारून क्विंटलमागे दोन-तीन किलो खातो, तेवढे पाण्याने भरून काढले तर पाप कसले? मला हे पटत नाही. तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे (मत्तय ५:३७), आणि लेवीय १९:३५-३६ मध्ये तर थेट तराजू, वजन आणि माप खरे ठेवण्याची आज्ञा आहे. तोंडाने एक शब्दही न काढता ओल्या कापसाने खोटे बोलता येते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ : शेतकरी, यवतमाळ जिल्हा
भाऊ, मी सहमत नाही. बायबलमधल्या निर्गमच्या पहिल्या अध्यायात मिसरचा राजा फारो इब्री लोकांचे मुलगे जन्मताच मारायला सांगतो, तेव्हा शिप्रा आणि पुवा या सुइणी त्याला धडधडीत खोटे सांगतात, की इब्री बाया आम्ही पोहोचण्याआधीच बाळंत होतात. तरीही देवाने त्यांचे भले केले, असे तिथेच लिहिले आहे. ज्याच्या हातात काटा, भाव आणि खता-बियाण्याची उधारी हे सगळेच आहे, त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला खरेपणाचा उपदेश करणे सोपे आहे. हा उपदेश नेहमी आम्हालाच का ऐकवला जातो?

प्रतिसाद २ : निवृत्त शिक्षिका, अचलपूर
ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने इसवी सन ४२० च्या सुमारास याच सुइणींचा विचार केला होता. देवाने त्यांना प्रतिफळ दिले ते लेकरांवर केलेल्या दयेचे, खोट्याचे नव्हे, असे त्याने लिहिले. मला तो इथे फार कठोर वाटतो, कारण फारोच्या हाती बाळे देण्यापेक्षा मीही खोटेच बोलले असते. पण दादा, तुमचा दाखला इथे लागू पडत नाही. सुइणींनी जीव वाचवले आणि त्यांच्या खोट्याची झळ दुसऱ्या कोणा गरिबाला बसली नाही. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, सरकीही खराब होते. मग व्यापारी त्या गावाचा सगळाच माल ओला धरून भाव पाडतो, आणि ज्या विधवेने एकटीने वेचून, अंगणात वाळवून कापूस आणला, तिच्याही पदरात तोच पडका भाव पडतो.

प्रतिसाद १
ताई, त्या बाईचा विचार मी केला नव्हता, हे कबूल करतो. तरीही माझी मूळ तक्रार उरतेच. जक्कय हा जकातदारांचा मुखिया होता, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करीन, असे त्याने प्रभूसमोर उभे राहून सांगितले (लूक १९:८). आमच्या गावातला काटा खोटा आहे, हे पाळकांसह सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीही बोलत नाही. हे गप्प राहणे ‘होय तर होय’ या वचनात कुठे बसते?

धागाकर्ता
ते बसत नाही. त्या दिवशी काट्यापाशी मीही उभा होतो. पाण्याबद्दल शेजाऱ्याला बोललो, काट्याबद्दल व्यापाऱ्याला बोललो नाही. पाणी मारणे चूकच, हे माझे मत कायम आहे. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा कापूस घेतच नाहीत, म्हणून यंदा आम्ही दोघे कापसाला दोन उन्हे जास्त दाखवणार आहोत, आणि गावात विकायचा झाला तर गाडी आधी धर्मकाट्यावर मोजून ती पावती व्यापाऱ्यापुढे ठेवणार आहोत. पावती पाहून त्याने मालच नाकारला तर काय करायचे, यावर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही.